हेडशॉटचे सहा हजार नेमके कशाचे?

कोपऱ्यावरच्या स्टुडिओत शंभर-सव्वाशे रुपये दिले की दहा मिनिटांत पासपोर्ट फोटोच्या आठ प्रती हातात पडतात. त्याच माणसाचा, तेवढाच छातीपर्यंतचा फोटो ‘हेडशॉट’ म्हणून काढायचा म्हटला, की पुण्या-मुंबईत दोन-तीन हजारांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत कोणताही आकडा ऐकायला मिळतो. ऐकणाऱ्याला वाटतं, एक तर पहिला फारच स्वस्तात काम करतोय, नाहीतर दुसरा लुटतोय. मी पुण्यात हेडशॉट काढतो, त्यामुळे हा प्रश्न मला फोनवर सतत विचारला जातो. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. कुणी पैसे खर्च करावेत आणि कुणी अजिबात करू नयेत, हेही पुढे येईल. माझ्या मते न करणाऱ्यांची संख्या बरीच मोठी आहे.

आधी दोन्ही फोटोंमधला फरक समजून घेऊ. पासपोर्टचा फोटो ओळख पटवण्यासाठी असतो. साधारण ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, चेहरा सरळ, ओठ मिटलेले, सावली नको, भाव नको. चेहरा मोजता आला पाहिजे, एवढीच अपेक्षा. म्हणून तो झटपट निघतो आणि म्हणूनच त्यात आपण सगळे थोडे अपराध्यासारखे दिसतो. हेडशॉटचं काम वेगळं. जो माणूस तुम्हाला अजून भेटलेला नाही, त्याला तुम्ही कसे आहात याचा अंदाज द्यायचा. लिंक्डइन, कंपनीची वेबसाइट, दवाखान्याचं पान, परिसंवादाची पत्रिका, पुस्तकाचं मलपृष्ठ, कास्टिंगवाल्याचा व्हॉट्सअ‍ॅप, अशा ठिकाणी तो तुमच्या आधी पोचतो. पोर्टफोलिओ हा आणखी निराळा प्रकार. त्यात कपडे, पोझ, लोकेशन बदलून अनेक फोटो असतात. या तिन्हींचे दर एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

आता पैशांचा हिशेब. समजा एका फोटोग्राफरची फी सहा हजार आहे, वर्षाला फोटो काढण्याच्या दीडशे बैठका होतात, म्हणजे आठवड्याला तीन. कॅमेरा, दोन लेन्स, फ्लॅश लाइट, सॉफ्टबॉक्स (दिव्याचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी), स्टँड, संगणक आणि रंग बरोबर दाखवणारा मॉनिटर मिळून पाच लाख धरू. ही सामग्री पाच वर्षं चालली तर वर्षाला एक लाख, म्हणजे प्रत्येक बैठकीवर ६७० रुपये पडतात. जागेचं भाडं महिन्याला पंचवीस हजार धरलं तर वर्षाचे तीन लाख, बैठकीमागे दोन हजार. वीज, सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क, दुरुस्ती, वेबसाइट यांचे वर्षाला साठ हजार, म्हणजे बैठकीमागे चारशे. सहा हजारांतून हे गेले की उरतात २,९३० रुपये.

हे २,९३० एका तासाचे असते तर गोष्ट वेगळी होती. पण बैठकीआधी फोनवर बोलणं, कपड्यांबद्दल मेसेज, लाइट लावणं, तासभर शूट, आवरणं, दीडशे-दोनशे फ्रेममधून छाननी, मग निवडलेल्या तीन-चार फोटोंवर प्रत्येकी अर्धा तास काम, फाइल पाठवणं, ‘टायवरचा तो डाग काढता का’ हे बघणं. एकूण पाच तास सहज जातात. म्हणजे तासाला सहाशेच्याही आत, आणि तेसुद्धा आयकर भरण्याआधी. हे आकडे हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत. कुणाची जागा स्वतःची असेल, कुणी घराच्या हॉलमध्ये काम करत असेल, तर फी उतरते. पण कॅमेऱ्याचं बटण दाबण्याचे सहा हजार लागत नाहीत, एवढं यातून दिसावं. मेकअप करणारी व्यक्ती हवी असेल तर तिचे पैसे बहुधा वेगळे. शिवाय ज्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांवर आहे त्याला जीएसटी नोंदणी लागते आणि बिलावर १८ टक्के चढतात. म्हणजे सहा हजारांचे ७,०८० होतात. तुमच्या व्यवसायाची जीएसटी नोंदणी असेल तर तो कर बहुधा क्रेडिट म्हणून परत घेता येतो. हे अनेकांच्या लक्षात येत नाही, तेव्हा बिलावर आपला जीएसटी क्रमांक टाकून घ्यावा.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. खर्चाचा मोठा भाग जागा आणि मांडणीचा आहे, तर मांडणी एकदाच करून माणसं वाढवली की माणशी दर एकदम खाली येतो. कंपनीत एका दिवसात तीस-चाळीस जणांचे फोटो निघतात, प्रत्येकाला आठ-दहा मिनिटं मिळतात, आणि माणशी पाचशे-हजारातसुद्धा काम बसतं. पाच-सहा ओळखीचे डॉक्टर किंवा वकील एकत्र आले तरी हे साधतं. अशी विचारणा केली तर बहुतेक फोटोग्राफर आनंदानं दर कमी करतात. ती विचारणा फार थोडे लोक करतात.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून दर ऐकून पुष्कळांचे डोळे विस्फारतात. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिससारख्या शहरांत एका हेडशॉटला काही शे डॉलर लागणं ही सामान्य गोष्ट आहे आणि नावाजलेल्या माणसाकडे हजारावर जातात. तिथलं भाडं आणि मजुरी त्यात आहेच, पण वापराच्या हक्कांचा भागही आहे. त्याबद्दल शेवटी लिहिलंय, कारण आपल्याकडचा कायदा त्या बाबतीत वेगळा आहे.

‘माझ्या फोनचा कॅमेरा पन्नास मेगापिक्सेलचा आहे, मग?’ हा पुढचा प्रश्न. फोन चांगलेच आहेत. अडचण मेगापिक्सेलची नसून अंतराची आहे. सेल्फी काढताना फोन चेहऱ्यापासून फूटभर, फार तर हातभर लांब असतो. एवढ्या जवळून कॅमेऱ्याला नाक कानांपेक्षा बरंच जवळ पडतं, म्हणून नाक मोठं दिसतं, कान मागे सरकतात, कपाळ फुगतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जरीच्या एका वैद्यकीय नियतकालिकात याचं गणित प्रसिद्ध झालं. पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाची रुंदी सुमारे ३० टक्के जास्त दिसते. हे गणित मांडायची गरज डॉक्टरांना का वाटली, तर सेल्फी पुढे करून ‘माझं नाक मोठं आहे, लहान करा’ म्हणणारी माणसं त्यांच्याकडे यायला लागली होती. नाक होतं तेवढंच होतं.

हेडशॉटसाठी ८५ ते १३५ मिलिमीटरची लेन्स वापरतात ती याचसाठी. लेन्स चेहरा सुंदर करत नाही. ती फोटोग्राफरला पाच-सात फूट मागे उभं राहून चेहरा फ्रेमभर घेऊ देते आणि त्या अंतरावरून चेहऱ्याची प्रमाणं तशीच दिसतात, जशी टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला दिसतात. हे तुम्हालाही फुकट करता येतं. फोन दुसऱ्याच्या हातात द्या, त्याला पाच-सहा फूट मागे उभं करा, मागचा कॅमेरा वापरा आणि दोन किंवा तीन पट झूम करा. एवढ्यानंच निम्मा फरक पडतो.

उरलेला बराचसा फरक प्रकाशाचा. आपल्या घरांत आणि ऑफिसांत दिवे छताला असतात. वरून पडणारा उजेड भुवईच्या हाडावर अडतो, डोळ्यांच्या खोबणीत अंधार राहतो, नाकाखाली मिशीसारखी सावली पडते आणि डोळ्यांखालची वर्तुळं दुप्पट काळी होतात. माणूस थकलेला दिसतो, मग तो सुट्टीवरून आलेला का असेना. स्टुडिओतला मोठा सॉफ्टबॉक्स समोरून, थोडा वरून आणि थोडा बाजूनं येतो. उजेडाचा उगम चेहऱ्याच्या मानानं जितका मोठा आणि जितका जवळ, तितक्या सावल्यांच्या कडा मऊ. उगम दुप्पट लांब नेला तर उजेड निम्मा होत नाही, चौथ्या हिश्शावर येतो. म्हणून जवळचा दिवा चेहऱ्याकडे वीतभर आणखी सरकवला, तरी चेहऱ्याच्या मानानं मागची भिंत बरीच गडद होते. बुबुळात जो पांढरा ठिपका चमकतो तो याच दिव्याचं प्रतिबिंब असतो. तो नसेल तर डोळे निर्जीव दिसतात. हनुवटीखालची सावली उचलायला आम्ही बरेचदा साधी थर्माकोलची शीट धरतो, फिल्मच्या सेटवर वापरतात तीच. दीड-दोनशे रुपयांची ती वस्तू कित्येक महागड्या उपकरणांपेक्षा जास्त कामाची आहे.

घरी हे सगळं एका खिडकीत मिळतं. थेट ऊन न येणारी मोठी खिडकी, सकाळी नऊ-दहाची वेळ, खिडकीकडे तोंड करून पण जरा तिरकं बसायचं, खोलीतले दिवे बंद. दिवे बंद का, तर ट्यूबचा रंग आणि आभाळाचा रंग वेगळा असतो, दोन्ही एका चेहऱ्यावर पडले की एक गाल निळसर आणि दुसरा पिवळट होतो.

प्रकाशावरून रंगाकडे येतो आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण या धंद्यातली ही गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते. आपल्याकडे ‘रिटचिंग’ (काढलेल्या फोटोत संगणकावर केलेली दुरुस्ती) म्हणजे गोरं करणं असा समज फोटोग्राफर आणि गिऱ्हाईक दोघांच्याही डोक्यात पक्का बसलाय. गव्हाळ, सावळी त्वचा दोन-तीन छटा उजळायची, पोतच पुसून टाकायचा, चेहरा मेणाचा करायचा. याची मुळं काही अंशी तंत्रातही आहेत. फिल्मच्या काळात लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅक जे नमुना कार्ड पाठवत असे त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असायचा. ‘शर्ली कार्ड’ असंच त्याला म्हणत. तिची त्वचा बरोबर आली म्हणजे यंत्र बरोबर, असा तो नियम. गडद त्वचेचे बारकावे त्या फिल्मवर गडप व्हायचे. पुढे त्यात सुधारणा झाली, आणि त्यामागे माणसांच्या तक्रारींइतकाच चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांच्या तक्रारींचा हात होता, कारण त्यांच्या मालाच्या तपकिरी छटा फोटोत ओळखू येत नव्हत्या.

आज डिजिटल कॅमेऱ्यात सावळ्या त्वचेची प्रत्येक छटा नीट टिपता येते. त्यासाठी उजेड जास्त फेकायचा नसतो. तो मोठ्या पृष्ठभागावरून तिरका पाडायचा असतो, म्हणजे गालाच्या हाडावर, कपाळावर सौम्य चमक येते आणि चेहऱ्याला आकार मिळतो. सावळ्या चेहऱ्यावर हे गोऱ्यापेक्षा सुंदर दिसतं, हे मी मनापासून सांगतो. तेव्हा फोटोग्राफर निवडताना त्याच्या कामात सावळी माणसं सावळीच दिसतात का, हे आधी बघा. सगळे एकाच दुधी रंगाचे असतील तर तिथे पैसे देऊ नका. रिटचिंगचा माझा नियम साधा आहे. जे पंधरा दिवसांत आपोआप जाणार आहे ते काढायचं: पुटकुळी, दाढीचा काप, कॉलरवरचा धागा. जे राहणार आहे ते ठेवायचं: तीळ, वण, डोळ्यांच्या कडेच्या रेषा, केसांतली चांदी. तुम्हाला प्रत्यक्ष भेटणाऱ्या माणसाला धक्का बसता कामा नये.

तरीसुद्धा लेन्स, दिवा आणि रिटचिंग मिळून फीचं समर्थन पूर्ण होत नाही. खरं काम समोरच्या माणसाशी बोलण्यात आहे. एक कर सल्लागार मॅडम आल्या होत्या. खुर्चीवर बसताक्षणी खांदे कानांपर्यंत, मान मागे, ओठ घट्ट. “मला फोटोत हसताच येत नाही हो,” त्या म्हणाल्या. बहुतेक जण हेच म्हणतात. त्यांना आधी खुर्चीच्या टोकाशी बसवलं, दिव्याकडे थोडं तिरकं. मग चष्मा. दिव्याचा चौकोन काचेत दिसत होता, म्हणून दिवा वीतभर वर चढवला आणि चष्म्याच्या काड्या कानावरून अगदी किंचित उचलल्या. त्यानं काच खाली झुकते आणि चमक निघून जाते. समोरून हे कळतसुद्धा नाही. मग मान. कॅमेऱ्यासमोर माणूस घाबरून मान मागे ओढतो आणि दुहेरी हनुवटी नसलेल्यालाही ती येते. “मॅडम, कपाळ माझ्याकडे आणा. अजून. आता हनुवटी अगदी थोडी खाली.” हे करताना कासवासारखं वाटतं, दिसताना जबड्याची रेष स्वच्छ दिसते. न्यूयॉर्कचे पीटर हर्ली हे हेडशॉटसाठी प्रसिद्ध असलेले फोटोग्राफर, त्यांनी जबड्याचं हे तंत्र आणि खालच्या पापण्या किंचित आवळण्याचं तंत्र आपल्या व्हिडिओंतून जगभर पोचवलं. डोळे विस्फारलेले असले की भीती दिसते. खालची पापणी जरा वर आली की माणूस आपल्याकडे लक्ष देऊन ऐकतोय असं वाटतं.

एवढं करूनही चेहरा अजून फोटोसाठी लावलेलाच होता. तेव्हा विचारलं, “मॅडम, तुमच्याकडे एक जण आलाय. हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. इन्कम टॅक्सची नोटीस आलीय, रात्रभर झोपलेला नाही. त्याला पहिलं वाक्य काय म्हणता?”

“म्हणते, आधी पाणी प्या. कागद नंतर बघू.”

ते बोलताना जो चेहरा झाला तोच फोटो. ओठांवर हसू जेमतेम होतं, डोळ्यांत मात्र पुरतं आलं होतं. अशी फ्रेम साधारण पाऊण तास गेल्यावर येते. आधीच्या शंभर फ्रेम ओळख होण्यात खर्च होतात. दहा मिनिटांत काढलेल्या फोटोत आणि तासाभराच्या बैठकीत खरा फरक हा आहे. म्हणून एखादा ‘पंधरा मिनिटांत आटपू’ म्हणाला आणि दर निम्मा लावला तर त्यात फसवणूक नाही, पण काय कमी मिळणार आहे ते कळलेलं बरं.

फोटो निघाल्यावरची निवड हा तर स्वतंत्र विषय आहे. आपण स्वतःचा चेहरा आयुष्यभर आरशात बघतो, म्हणजे उलटा. भांग डावीकडचा उजवीकडे. १९७७ मध्ये अमेरिकेत विद्यार्थिनींना स्वतःचे दोन फोटो दाखवले, एक जसाच्या तसा, एक आरशातल्यासारखा उलटा. त्यांना स्वतःला उलटा आवडला, त्यांच्या मैत्रिणींना सुलटा. ज्याला ज्याची सवय, त्याला ते बरं वाटतं. फोटो बघून ‘ही मी नाहीच’ असं जे वाटतं त्यामागे पुष्कळदा एवढंच असतं. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी लोकांना स्वतःच्या फोटोंतून प्रोफाइलसाठी निवड करायला सांगितली आणि तीच निवड अनोळखी लोकांकडूनही करून घेतली. बघणाऱ्यांवर जास्त चांगली छाप पाडणारे फोटो अनोळखी लोकांनी निवडलेले निघाले. म्हणून मी सांगतो, तुम्हाला आवडलेले तीन बाजूला काढा, मग ते आईला किंवा नवऱ्याला न दाखवता कामाच्या ठिकाणी अलीकडेच ओळख झालेल्या दोघा-तिघांना दाखवा. घरच्यांचं प्रेम इथे उपयोगाचं नाही.

आणि एका फोटोनं एवढा फरक पडतो का? पडतो. २०११ मध्ये ब्रिटनमध्ये केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. दोन डच प्रसिद्ध व्यक्तींचे प्रत्येकी वीस, असे चाळीस फोटो त्यांना न ओळखणाऱ्या लोकांपुढे ठेवले आणि म्हटलं, एकेका माणसाचे फोटो एकेका गठ्ठ्यात लावा. लोकांनी साधारण सात-आठ गठ्ठे केले. म्हणजे दोनच माणसं सात-आठ वाटली. तेच फोटो त्या व्यक्तींना ओळखणाऱ्या डच लोकांनी बिनचूक दोन गठ्ठ्यांत लावले. आपल्याला ओळखणाऱ्यांना आपला कोणताही फोटो चालतो. अनोळखी माणसाला मात्र तो एक फोटो म्हणजेच आपण. त्यात भर म्हणजे प्रिन्स्टन विद्यापीठात २००६ मध्ये दिसून आलं, की चेहरा सेकंदाचा दहावा भाग दाखवला तरी लोक विश्वासू, कर्तबगार, आक्रमक अशी मतं बनवतात आणि जास्त वेळ दिला तरी ती मतं फारशी बदलत नाहीत, फक्त त्यांची खात्री वाढते. ही मतं खरी असतात असं यातून अजिबात सिद्ध होत नाही. लोक ती बनवतात, एवढंच.

मग पैसे कुणी घालवावेत? ज्याचा चेहरा त्याच्या आधी अनोळखी माणसांपर्यंत पोचतो आणि तिथे आमने-सामने विश्वासाचा व्यवहार व्हायचा असतो, त्यानं. स्वतःचा दवाखाना असलेले डॉक्टर, समुपदेशक, सल्लागार, प्रशिक्षक, वक्ते, घरं विकणारे, लेखक, वरिष्ठ पदावर नोकरी शोधणारे. सहा हजारांचा फोटो दोन वर्षं चालला तर महिन्याला अडीचशे रुपये पडतात. त्या दोन वर्षांत एखादा जास्तीचा रुग्ण किंवा एखादं जास्तीचं काम आलं तरी वसूल. दाढी ठेवली, केस गेले, वजन पंधरा किलोनं बदललं, तर फोटोही बदलायचा.

नुकतंच कॉलेज संपवलेल्या मुलामुलींना मात्र मी सांगतो, खर्च करू नका. खिडकी, फोन, झूम आणि इस्त्री केलेला एकरंगी शर्ट पुरे. बारीक चौकडी नको, कॅमेऱ्यात त्यावर इंद्रधनुषी लाटा उठतात. लिंक्डइन सांगतं की फोटो असलेली प्रोफाइल एकवीस पटींपर्यंत जास्त पाहिली जाते. पण तो दावा फोटो असणं आणि नसणं यातला आहे, साधा फोटो आणि महागडा फोटो यातला नाही. शिवाय जो फोटो लावतो तो बाकीची माहितीही भरतो, हे त्या आकड्यात मिसळलेलं आहे. परदेशी अर्ज करणाऱ्यांनी तर आधी तिथली पद्धत बघावी. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये रेझ्युमेवर फोटो लावत नाहीत, भेदभावाचा आरोप नको म्हणून कंपन्यांनाच तो नको असतो. जर्मनीत २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्यानंतर फोटो मागता येत नाही, पण लावण्याची जुनी रीत अजून टिकून आहे. पुण्याहून जर्मनीला जाणारी बरीच मुलं माझ्याकडे येतात ती त्याचसाठी.

अभिनयाचं स्वप्न घेऊन मुंबईला जाणाऱ्यांबद्दल दोन शब्द जास्त लिहितो. अंधेरीत वर्सोव्याजवळच्या आरामनगरात कास्टिंगची ऑफिसं दाटीवाटीनं आहेत आणि तिथे रोज गावोगावची मुलं फोटो घेऊन फिरतात. कास्टिंग करणाऱ्याला तुमचा खरा चेहरा बघायचा असतो. समोरून एक, डाव्या-उजव्या बाजूनं एकेक, एक कमरेपर्यंतचा, एक पूर्ण उंचीचा. मेकअप जवळजवळ नाही, भिंत साधी. यासाठी दोन-चार हजार पुरतात आणि अलीकडे फोनवर केलेली ऑडिशन त्याहून महत्त्वाची असते. ‘आमच्याच फोटोग्राफरकडून पन्नास हजारांचा पोर्टफोलिओ करा, मग रोल देतो’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठून या. काम देणारा माणूस तुमच्याकडून पैसे घेत नाही. गावाकडे आईचे दागिने गहाण ठेवून असे पोर्टफोलिओ केलेली मुलं मी बघितली आहेत.

हल्ली एआयचे हेडशॉट आलेत. आठ-दहा सेल्फी चढवा, दोन-तीन हजारांत सूट-टायमधले शंभर फोटो घ्या. छोट्या गोल चौकटीत ते बरे दिसतात. पण तो चेहरा सरासरीकडे ओढला जातो: दात जास्त सरळ, त्वचा जास्त उजळ, तीळ गायब. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या आशियाई वंशाच्या एका विद्यार्थिनीनं आपला फोटो व्यावसायिक दिसावा असं अशाच एका साधनाला सांगितलं, तर त्यानं तिला गोरी, निळ्या डोळ्यांची करून दिलं. साधनं त्यानंतर सुधारली, तरी माझा आक्षेप कायम आहे. रुग्ण किंवा अशील तुम्हाला भेटायला येतो तेव्हा त्यानं फोटोत पाहिलेला माणूसच समोर असला पाहिजे. आणि तो सूट तुमच्या कपाटात नाही.

आता हक्कांचं. अमेरिकेत फोटोचा कॉपीराइट साधारणपणे फोटोग्राफरकडे राहतो आणि गिऱ्हाईक वापराचा परवाना विकत घेतं. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ वेगळं सांगतं. मोबदला देऊन कुणी स्वतःसाठी फोटो काढून घेतला आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा असतो. यातले ‘उलट काही ठरलेलं नसेल तर’ हे शब्द महत्त्वाचे. बरेच फोटोग्राफर करारात किंवा बिलाच्या मागे हक्क स्वतःकडे ठेवल्याचं छापतात, म्हणून पैसे भरण्याआधी ते वाचावं. किती फोटो रिटच करून मिळणार, किती दिवसांत, मोठ्या आकाराची फाइल मिळणार का, छपाईला वापरता येईल का, तुमचा फोटो ते स्वतःच्या जाहिरातीत लावणार का, हे एका मेसेजमध्ये लिहून घेतलं तरी पुरतं. रॉ फाइल (कॅमेऱ्यातली कच्ची, संस्कार न केलेली फाइल) मात्र सहसा कुणी देत नाही आणि तुम्हाला तिचा उपयोगही नसतो.

यातली एक बाजू नोकरदारांच्या ध्यानात येत नाही. ऑफिसात काढलेल्या फोटोचे पैसे कंपनीनं दिले असतील, तर त्याच कलमानुसार मालकी बहुधा कंपनीची. नोकरी सोडल्यावर तो फोटो नव्या व्यवसायाच्या बोर्डावर लावला तर हरकत घेण्याचा हक्क तिला असू शकतो. शेवटच्या महिन्यात एचआरला एक मेल टाकून वैयक्तिक वापराची लेखी परवानगी मागून घ्या. बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी होकार येतो.